वैनगंगा वर्गाच्या विनाशिका : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी, नागपूर

आजपासून या वहीत विनाशिकांच्या, म्हणजे वेगवान युद्धनौकांच्या, एका वर्गाच्या आराखड्याच्या नोंदी ठेवणार आहे. हा वर्ग कधी बांधला गेला नाही, त्याची मागणी कोणी नोंदवली नव्हती आणि त्यातले एकही जहाज समुद्रात उतरले नाही. तरीही १९४० च्या सुमारास एखाद्या आराखडा कार्यालयाने तो ज्या शिस्तीने आखला असता, त्याच शिस्तीने तो आखायचा, एवढा एकच नियम मी स्वतःला घातला आहे. जहाज काल्पनिक असले तरी त्यातील प्रत्येक तोफ, प्रत्येक बॉयलर आणि प्रत्येक टन हा त्या काळात खरोखर उपलब्ध असलेला असावा, आणि जिथे बेरीज जमणार नाही तिथे कल्पनेने बेरजेपुढे मान तुकवावी.

नाव मात्र आधीच ठरले आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या स्लूप (ताफ्याचे रक्षण करणाऱ्या लहान युद्धनौका) जहाजांना जमना, सतलज, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी अशी नद्यांची नावे होती. त्या ओळीत विदर्भाच्या नद्या सहज बसतात, म्हणून वर्गाचे पहिले जहाज वैनगंगा आणि तिच्यामागे वर्धा, पैनगंगा, कन्हान, इंद्रावती आणि प्राणहिता अशी सहा जहाजे धरली आहेत. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाने आपल्या नद्या समुद्रावर पाठवाव्यात, यात मला मनापासून आनंद वाटतो.

२५ जानेवारी

जहाजे बांधायची कुठे, हा प्रश्न मी पंधरा दिवस टाळत होतो. ती मुंबईतच बांधली जावीत अशी माझी इच्छा होती, परंतु ते खरे ठरत नाही. विशाखापट्टणमच्या सिंदिया गोदीची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते २१ जून १९४१ रोजी बसली आणि तिथे बांधलेले पहिले मोठे जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरायला १९४८ साल उजाडले. हजारो अश्वशक्तीची टर्बाइने, त्यांचे दातेचक्रांचे संच आणि उच्च दाबाचे बॉयलर घडवणारे कारखाने त्या वेळी आपल्याकडे नव्हते. जमना आणि सतलज स्कॉटलंडमध्ये बांधल्या गेल्या होत्या; वैनगंगाही तिथेच बांधली जाईल. मुंबईत दुरुस्ती आणि डागडुजी होईल, आणि आराखड्यात त्याचा विचार असेल, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

८ फेब्रुवारी

काम निश्चित केल्याशिवाय आकार ठरत नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर तसेच हर्मीस ही विमानवाहू नौका बुडवली, आणि बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजांची कत्तल केली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ‘बंगाल’ या लहानशा भारतीय सुरुंगनाशक नौकेने ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजासोबत जाताना दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांना तोंड दिले आणि त्यांपैकी होकोकू मारू बुडाले. ही लढाई डोळ्यांसमोर ठेवूनच मी या वर्गाचे काम ठरवले आहे : अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून जाणाऱ्या ताफ्यांचे पाणबुड्या, विमाने आणि अशी वेष पालटून फिरणारी लुटारू जहाजे या तिन्हींपासून रक्षण.

मुंबई ते एडन हे अंतर सुमारे १,६५० सागरी मैल आहे. एडनला तेल मिळणार नाही असे धरून जाण्यायेण्याची सोय करायची, आणि ताफ्याभोवती नागमोडी फिरण्यासाठी थोडी शिल्लक ठेवायची, तर १५ नॉट (ताशी १५ सागरी मैल) वेगाने ४,००० सागरी मैलांचा पल्ला हवा. त्यासाठी ३६० टन इंधन धरले आहे.

२२ फेब्रुवारी

आज यंत्रांचा विचार केला आणि बराच वेळ त्यातच रमलो, कारण माझी सगळी नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या सान्निध्यात गेली आहे.

वाफेच्या दाबाबाबत त्या काळातील तीन नौदलांनी तीन वाटा धरल्या होत्या. ब्रिटिश विनाशिका दर चौरस इंचाला ३०० पौंडांच्या आसपास थांबल्या, अमेरिकनांनी फ्लेचर वर्गात ६०० पौंड आणि ८५० अंश फॅरनहाइट तापमान यशस्वीपणे वापरले, तर जर्मनांनी ७० वायुदाबांच्या बॉयलरांपर्यंत उडी घेतली आणि त्यांच्या विनाशिका बंदरात दुरुस्तीसाठी वारंवार खोळंबल्या. कागदावर अमेरिकन मार्ग सर्वांत चांगला दिसतो, कारण इंधन कमी लागते. परंतु चढा दाब म्हणजे अधिक शुद्ध पाणी, अधिक चांगले पोलाद, आणि गळती शोधायला अनुभवी हात. कराची किंवा मुंबईत दुरुस्त होणाऱ्या जहाजासाठी मी ३०० पौंडच निवडतो. जो बॉयलर दुरुस्त होत नाही, त्याची कार्यक्षमता शून्य असते, हे मी नोकरीत अनेकदा अनुभवले आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकांतील आकड्यांत सहसा दिसत नाही. कंडेन्सरमधून जाणारे समुद्राचे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये थंडगार असते, पण अरबी समुद्रात मे महिन्यात ते तीस अंश सेल्सियसच्या जवळ जाते. थंड करणारे पाणी जितके कोमट, तितकी कंडेन्सरमधील निर्वात स्थिती कमकुवत, आणि तितके टर्बाइनमधून मिळणारे काम कमी. उन्हाळ्यात वीज केंद्रातही हाच अनुभव येतो. म्हणून थंड पाण्यात मोजलेले वेगाचे आकडे जसेच्या तसे घेऊन चालणार नाही.

आकडेमोड अशी केली. ब्रिटिशांच्या आर वर्गातील रॉदरहॅम, रिडाउट आणि रेडर या विनाशिका १९४९ मध्ये राजपूत, रणजित आणि राणा म्हणून भारतात आल्या. सुमारे १,७०० टन विस्थापन (तरंगणाऱ्या जहाजाचे वजन), ४०,००० अश्वशक्ती आणि ३६ नॉट हे त्यांचे आकडे. शक्ती ही विस्थापनाच्या दोनतृतीयांश घाताच्या आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे धरून त्यांचा गुणांक १६६ येतो. त्याच गुणांकाने १,७७६ टनांच्या वैनगंगेला ३४ नॉटसाठी ३४,७०० अश्वशक्ती लागते. कोमट पाणी आणि तळाला चिकटणाऱ्या कालवांसाठी दहा टक्के वाढवून ३८,००० धरली. ३६ नॉट हवे असते तर हाच आकडा ४५,००० च्या पुढे गेला असता. दोन नॉटसाठी सात हजार अश्वशक्ती मी देणार नाही. ताफा आठ-दहा नॉटने चालतो, आणि त्याचा राखणदार ३४ नॉटने धावला तरी पुरे.

८ मार्च

तोफांचा निर्णय मला वाटला त्यापेक्षा लवकर झाला. ब्रिटिशांच्या ट्रायबल वर्गातील विनाशिकांच्या ४.७ इंची तोफा ४० अंशांपेक्षा वर उचलत नसत, त्यामुळे डोक्यावरून सूर मारून येणाऱ्या विमानापुढे त्या जवळजवळ निरुपयोगी होत्या. ४ इंची जोडतोफ ८० अंशांपर्यंत उचलते. तिचा गोळा ५० पौंडांऐवजी ३५ पौंडांचा असतो, पण तो माणसाला दिवसभर उचलता येतो, आणि जमना व सतलजवर हीच तोफ असल्यामुळे दारूगोळ्याचा साठाही एकच राहतो. अशा तीन जोडतोफा, नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) दोन आणि पिछाडीकडे एक.

पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) नळ्या चार, एकाच संचात. ताफ्याच्या राखणदाराला त्या कशाला हव्यात, असे माझ्या भाचीने विचारले. ती इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते आणि आराखड्याची कोष्टके संगणकावर तीच सांभाळते. मी तिला होकोकू मारूची हकिकत सांगितली. दहा हजार टनांच्या जहाजाला ३५ पौंडांच्या गोळ्यांनी थांबवायला किती वेळ लागेल याचा अंदाज तिने स्वतःच केला आणि नळ्या राहिल्या.

१५ मार्च

बॉयलर आणि टर्बाइन यांची मांडणी आलटूनपालटून ठेवली आहे : बॉयलर खोली, यंत्र खोली, पुन्हा बॉयलर खोली, पुन्हा यंत्र खोली. युद्धकाळातील बहुतेक ब्रिटिश विनाशिकांत बॉयलर खोल्या एकमेकींना लागून असत, त्यामुळे एकाच पाणतीराने सगळी वाफ जाण्याची भीती होती. आलटूनपालटून मांडल्याने जहाज लांबते आणि पोलाद वाढते, पण एक बाजू बुडाली तरी दुसरी जहाजाला घरी आणते. पाणरेषेवरील लांबी त्यामुळे १०० मीटर झाली. रुंदी १० मीटर, खोली साडेतीन मीटरच्या किंचित वर.

२९ मार्च

आज वजनांची पहिली पूर्ण बेरीज झाली, आणि ती पाहून आम्ही दोघेही गप्प बसलो.

अर्धे इंधन असताना विस्थापन १,७७६ टन, गुरुत्वमध्य कीलपासून (तळाच्या कण्यापासून) ४.३५ मीटर उंच, आणि मेटासेंट्रिक उंची ५३ सेंटीमीटर, इथवर ठीक होते. मेटासेंट्रिक उंची म्हणजे मेटासेंटर हा बिंदू गुरुत्वमध्याच्या किती वर आहे ते अंतर, कललेल्या जहाजाला पुन्हा उभे करणाऱ्या बळाचे माप; ती शून्याखाली गेली की जहाज उभे राहूच शकत नाही. मग भाचीने युद्धकाळात वाढणारी वजने घातली. १९४१ मध्ये आलेल्या सेंटिमीटर लहरींच्या रडारचा कंदील (ॲन्टेनाचे आवरण), त्याची केबिन, ओर्लिकॉन तोफांच्या आणखी दोन जोड्या, पुलावरील (जहाज जिथून चालवतात त्या मंचावरील) चिलखती पत्रे आणि डेप्थ चार्जचे (पाणबुडीवर टाकायच्या, पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांचे) वाढीव साठे मिळून २४ टन, सरासरी साडेदहा मीटर उंचीवर. मेटासेंट्रिक उंची ४४ सेंटीमीटरवर आली. त्यानंतर तिने उरलेले १८० टन इंधन काढून टाकले, कारण एडनहून परतताना टाक्या रिकाम्या असणारच. इंधन तळाशी असते. ते गेले की गुरुत्वमध्य वर चढतो. उत्तर आले २४ सेंटीमीटर.

“मामा, हे जहाज वादळात परत येणार नाही,” असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

५ एप्रिल

हा आठवडा खरी जहाजे या परीक्षेत कशी सापडली ते वाचण्यात गेला.

१२ मार्च १९३४ रोजी जपानची नवी टोर्पेडो बोट ‘तोमोझुरू’ वादळात उलटली, कारण लहान अंगावर मोठ्या तोफा लादल्या होत्या. ब्रिटिशांच्या हंट वर्गातील पहिली नौका ॲथरस्टोन १९४० मध्ये झुकाव चाचणीत जड माथ्याची निघाली. हिशेबात चूक झाली होती. एक जोडतोफ उतरवावी लागली, तळात ओझे भरावे लागले, आणि पुढच्या नौकांची रुंदी २९ फुटांवरून साडेएकतीस फूट करण्यात आली. या रुंद केलेल्या नौकांपैकीच तीन १९५३ मध्ये गंगा, गोमती आणि गोदावरी म्हणून भारतीय नौदलात आल्या, हे वाचून मला विशेष वाटले. १८ डिसेंबर १९४४ च्या तुफानात अमेरिकेच्या हल, स्पेन्स आणि मोनाघन या तीन विनाशिका बुडाल्या. त्यांतील स्पेन्स ही फ्लेचर वर्गाची, म्हणजे त्या काळातील उत्तम आराखड्यांपैकी एका वर्गाची होती. तिचे इंधन संपत आले होते आणि टाक्यांत समुद्राचे पाणी भरलेले नव्हते. आमच्या कोष्टकातील २४ सेंटीमीटरची ओळ म्हणजे नेमकी हीच अवस्था आहे.

उपाय रुंदीत आहे. मेटासेंटरची उंची रुंदीच्या घनावर अवलंबून असते, म्हणून १० मीटरचे १०.४ केल्यावर युद्धवजनांसह ७० सेंटीमीटर आणि रिकाम्या टाक्यांनिशी ५४ सेंटीमीटर मिळतात. मग ११ मीटर का नको, असा मोह झाला, पण अति ताठ जहाज झटक्याने डुलते : १०.४ मीटरला एक पूर्ण डोल सुमारे दहा सेकंदांचा येतो, तर ११ मीटरला सव्वाआठ सेकंदांचा. त्या झटक्यात तोफचीला नेम धरता येत नाही आणि पाण्यात कान लावून बसलेला खलाशी थकून जातो.

२६ एप्रिल

कोष्टकावर विसंबून राहायचे नाही असे ठरवून १:१०० प्रमाणात लाकडी प्रतिकृती करायला घेतली. इतवारीतून शिवणीच्या फळ्या आणल्या. सागवान जड पडले असते, आणि शिवण कोरायला मऊ व हलकी असते. फळ्या एकावर एक चिकटवून, आतून पोखरून, बाहेरून साच्याच्या पट्ट्यांनी तासून मीटरभर लांबीचे आणि १०४ मिलिमीटर रुंदीचे अंग तयार झाले. १,८०० टनांचे जहाज या प्रमाणात १,८०० ग्रॅमचे होते, परंतु घरच्या टाकीतले पाणी गोडे असल्यामुळे त्याच पाणरेषेवर तरंगण्यासाठी ते १,७५६ ग्रॅमचेच असायला हवे. हा फरक भाचीच्या लक्षात आला नसता तर सगळी चाचणी वाया गेली असती.

९ मे

एक चूक नोंदवून ठेवतो. अंगाला वार्निश देण्याआधी प्रतिकृती चार दिवस कूलरसमोरच्या मेजावर राहिली. ओल्या हवेने लाकूड पाणी प्यायले आणि वजन ११ ग्रॅमने वाढले, म्हणजे जहाजावर ११ टन. उन्हात वाळवून, दोन हात वार्निश देऊन पुन्हा तोलले.

२७ मे

नवतपा सुरू आहे आणि दिवसा अंगणात उभे राहवत नाही. शिवाय दुपारच्या गरम वाऱ्याने टाकीतील पाणी हलत राहते. म्हणून झुकाव चाचणी पहाटे पाच वाजता केली.

पद्धत खऱ्या गोदीतलीच आहे. डेकवरचे २० ग्रॅमचे वजन आडवे ४० मिलिमीटर सरकवायचे आणि जहाज किती कलते ते मोजायचे. मधोमध बांबूची ३०० मिलिमीटरची बारीक कामटी उभी केली आणि तिचे टोक आलेखाच्या कागदावर वाचले. त्याआधी प्रतिकृती कुशीवर आडवी करून पट्टीच्या धारेवर तोलली होती, तेव्हा तिचा गुरुत्वमध्य कीलपासून ४४ मिलिमीटरवर सापडला. हिशेबाप्रमाणे मेटासेंटर ५१.३ मिलिमीटरवर, म्हणून टोक १८.७ मिलिमीटर सरकायला हवे होते. ते २१.२ सरकले. सहा वेळा, दोन्ही बाजूंना, पुन्हा पुन्हा तेच.

याचा अर्थ मेटासेंटर ५०.४ मिलिमीटरवरच आहे. खऱ्या जहाजावर नऊ सेंटीमीटर कमी.

२९ मे

नऊ सेंटीमीटर कुठे गेले ते सापडले. पाणरेषेवरचा आकार किती भरदार आहे हे सांगणारा जो गुणांक मी ०.५७ धरला होता, तो अंदाज होता. भाचीने प्रतिकृतीची रुंदी नाळेपासून पिछाडीपर्यंत वीस ठिकाणी मोजून सिम्पसनच्या नियमाने (वक्र आकाराचे माप काढण्याच्या गणिती रीतीने) बेरीज केली आणि उत्तर ०.५५३ आले. नाळ सुंदर, निमुळती दिसावी म्हणून मी ती कागदावर बारीक केली होती, आणि त्या देखणेपणाची किंमत स्थैर्यात मोजावी लागत होती. त्या आकाराने मेटासेंट्रिक उंची ६१ सेंटीमीटर आणि रिकाम्या टाक्यांनिशी ४४ सेंटीमीटर राहते. बुडण्याइतकी ती वाईट नाही, पण युद्धात आणखी वजने चढतील हे ठाऊक असताना एवढ्यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही.

नाळ पुन्हा जाड करणे हा एक मार्ग होता, मात्र ती लाटेवर आपटू लागली असती. त्याऐवजी रुंदी १०.६ मीटर करतो. वेग अर्ध्या नॉटने कमी होईल, ३३.५ नॉट मला मान्य आहेत.

६ जून

वीस सेंटीमीटर म्हणजे प्रतिकृतीवर दोन मिलिमीटर, प्रत्येक बाजूला एक. नवे अंग कोरण्याऐवजी पाणरेषेच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना एक मिलिमीटर जाडीची लाकडी चिप चिकटवून, टोकांकडे घासून नाहीशी केली. तळातील ओझे कमी करून वजन पुन्हा १,७५६ ग्रॅमवर आणि गुरुत्वमध्य पुन्हा ४४ मिलिमीटरवर आणला.

पहाटे चाचणी झाली. टोक १८ मिलिमीटर सरकले, म्हणजे मेटासेंटर ५१.६ मिलिमीटरवर, हिशेब ५१.७ सांगत होता. खऱ्या जहाजावर हा फरक एका सेंटीमीटरचा आहे. युद्धवजनांसह मेटासेंट्रिक उंची ७४ सेंटीमीटर आणि परतीच्या प्रवासात ६० सेंटीमीटर, डोल दहा सेकंदांच्या आतबाहेर. भाचीने कोष्टकाच्या माथ्यावर ‘रुंदी १०.६, कायम’ असे लिहिले, आणि वैनगंगेचे अंग ठरले.

१५ जून

काल रात्री पहिला पाऊस झाला. आज टाक्यांचे काम हाती घेतले.

वरच्या सर्व हिशेबांत इंधन गोठलेले असल्यासारखे धरले होते. अर्धवट भरलेल्या टाकीत मात्र ते कलत्या बाजूकडे धावते आणि जहाजाचे स्थैर्य चोरते. आठ मीटर रुंद व सहा मीटर लांब अशी एकच टाकी अर्धी असली तरी मेटासेंट्रिक उंची साडेतेरा सेंटीमीटरने घटते. तिच्या मधोमध एक उभी भिंत घातली की हीच घट चौथ्या हिश्श्यावर, सुमारे साडेतीन सेंटीमीटरवर येते. अशी भिंत घातल्यास पाणतीर लागल्यावर एकाच बाजूला पाणी भरून जहाज कलण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन्ही अर्ध्यांना तळाशी जोडणारा नळ आणि त्यावर डेकवरून फिरवता येणारी झडप द्यावी लागेल. प्रत्येक भिंतीचे पोलाद, नळ आणि झडपा मिळून वजन भाची काढत आहे; ते कीलपासून मीटर-सव्वामीटर उंचीवर येईल, आणि वजनांच्या कोष्टकात ज्या थोड्या ओळी गुरुत्वमध्य खाली ओढतात त्यांत त्याची भर पडेल.